सावळीरामची लेथ

दिंडोरीच्या बसची रांग होती. माझ्या मागे दोघं बोलत होते.

"कोंडाजीकाका, तुम्ही जन्मभर कारखान्यात लेथ चालवली, म्हणून विचारतो. माझी घरची लेथ आपोआप फिरते हो."

"स्विच बदल, उत्तम."

"बदलला. बेल्टसुद्धा काढून ठेवला. तरी खोलीला कुलूप लावून मी जेवून येईपर्यंत रॉड थोडा कातलेला असतो."

"कुणाकडून घेतलीस?"

"सावळीराम टर्नर वारले ना, त्यांच्या घरून."

"रॉडचं माप कसं येतं?"

"केसभरही चुकत नाही."

"मग तोच. वीस वर्षं त्याच्या शेजारी उभा होतो मी."

"मी काय करू, काका?"

"कुलूप लावू नकोस. मशीनपाशी थांब. माप घ्यायची वेळ आली, की तो न बघता हात मागे करतो. त्यात व्हर्नियर ठेव."

"आणि नाही ठेवला तर?"

"मिळेपर्यंत तो हात खाली घेत नाही."