शड्डू ठोकला की उतरायचं

माझं माहेर मोरगावचं, कोरडवाहू रानातलं, शेरडं राखत राखत सातवी झाले अन् लग्न होऊन हितं जळोचीला आले. मालक शाळेची व्हॅन चालवत्यात, मी अंगणवाडीत मदतनीस हाय. लेक एकच, सुजाता, ती कुस्ती खेळती.

काय सांगू तुमाला, घरात गरीब गाय, पावणं आलं की आतल्या खोलीत पळती. पर खुराक, बूट, गाडीभाडं, समदं लागतंय, अन् तिच्या मैतरणीनं सांगितलं, नुसतं जिंकून कोण इचारत न्हाय, जरा माज दाखव, मग स्पॉन्सर येतोय. मग काय, काळा गॉगल लावायचा, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायचा अन् मोबाईलमधी म्हणायचं, जळोचीची वाघीण हाय, आडवी येशील तर आस्मान दावीन. मी म्हणलं, अगं बाई, ही कसली भाषा, तर म्हणती, आई, ती मी न्हाय, ती मोबाईलमधली हाय. अन् खरंच इंदापूरचं एक पशुखाद्यवालं शेठ आलं, वरीसभराचा खुराक लावून दिला, म्हणलं, फक्त असंच कडक बोलत ऱ्हा. म्हशीच्या पेंडीच्या पोत्यावर माझ्या लेकीचा फोटो आला, हसावं का रडावं कळंना.

तर एकदा ही त्या रीलमधी म्हणून गेली, बावड्यात हाय का कुणी माझ्या जोडीचं? आठ दिसांत बावड्याचं एक तात्या नारळ घेऊन दारात. जुनं पैलवान, कान मोडल्यालं, डोक्याला फेटा. म्हणलं, ताई, तुमच्या पोरीनं आमच्या गावाच्या नावानं शड्डू ठोकलाय, आता कुस्ती द्यावी लागंल, आमची नात गौरी तयार हाय, जत्रंला या. मी म्हणलं, अवं तात्या, ते गमतीचं असतंय. तर म्हणलं, शड्डूत कसली गंमत? सुजाता आतून आली, तोंड पांढरंफटक, अन् नारळ घेतला, म्हंजी कुस्ती ठरली. गौरी वजनानं भारी, हे हिला ठावं होतं. माझा जीव थाऱ्यावर न्हाय, हरली तर लोकं तोंडावर हसणार अन् शेठबी जाणार.

जत्रंत मैदान खच्चून भरल्यालं. लोकं वरडत हुती, वाघीण, बोल की आता. तिनं माती कपाळाला लावली अन् भिडली. लई येळ झुंजली, लई, पर शेवटी गौरीनं तिची पाठ लावलीच. लोकं फिदीफिदी हसाय लागली. तेवढ्यात लेकीनं उठून पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला अन् म्हणली, शड्डू मी ठोकला, पाठबी माझीच लागली, गौरी आज माझ्यापरीस भारी, पर पुढल्या जत्रंला मी परत येणार हाय. तात्या उठलं, सोताचा फेटा सोडला अन् हरल्याल्या पोरीच्या डोक्याला बांधला. मला रडूच आलं, कशाला खोटं बोलू. कुणीतरी ते समदं मोबाईलमधी टाकलं, अन् दोन दिसांनी शेठ म्हणलं, ताई, खुराक चालू ऱ्हाईल, हे बोलणं लोकं जास्त बघायला लागल्यात.

आता गौरी सुट्टीला आमच्याकडंच असती, दोघी मोबाईलमधी एकमेकीला वाट्टंल ते बोलत्यात अन् एका ताटात जेवत्यात. आमच्या अंगणवाडीतल्या बारक्या पोरीबी खिचडीच्या आधी मांडी थोपटत्यात. मी म्हणते, ठोका बायांनो, दणकून ठोका, पर ठोकला की उतरायचं, पाठ लागली तर लागू दे, माती काय कुणाला खात न्हाय.