तोकुनबो टायर, तोकुनबो जावई

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, मीच, लाडिपो. माझा फोन दुसरं कोण उचलणार? … जरा मोठ्यानं बोल, इथं हॉर्न वाजतायत. … हं, आता येतंय.

हो, हो… टायरबाजारातच आहे. तुझी म्हातारी पेजो गाडी जॅकवर चढवलीय. चारही पाय हवेत. … नाही, बसवले नाहीत अजून.

का म्हणजे? … अगं ऐक ना. उद्या पहाटे तू, तुझी लेक आणि दोन म्हाताऱ्या मावश्या त्या गाडीतून इजेबू-ओडेला निघणार. लेकीच्याच, सिमीच्या साखरपुड्याला निघालायत तुम्ही. वाटेत टायर फुटला म्हणजे… बरं, बरं, नाही बोलत अशुभ. डोक्यावरून चुटकी वाजवली. ऐकलीस? … ही दुसरी. झालं?

हो, नवेच घ्यायचे. आणि याच सुंकान्मीच्या दुकानातून. सकाळपासून तेच ऐकतोय. … इथंच उभाय तो, माझ्या शेजारी. दात दाखवतोय. मला नाही आवडत टायरवाला एवढा हसलेला.

थांब, जरा लांब जातो.

… हं. ताई, हे 'नवे' टायर नवे नाहीत. … हसतोय का मी? नाही हसत. … शप्पथ. … सिमीची शप्पथ.

साप? मागच्या वर्षी गाडीत साप आहे म्हणालो होतो, ते वेगळं. … हो, सायकलची ट्यूब होती. … हो, तू चपला टाकून चर्चपर्यंत पळालीस. पण तेव्हा मी झाडामागं लपलो होतो, आत्ता टायरांमध्ये उभाय. फरक आहे.

ऐक. काळं पॉलिश मारलंय. बोट फिरवलं तर बोट काळं. चांगल्या टायरला कशाला लागतंय पॉलिश? आणि बाजूला चार आकडे असतात बघ, कारखान्याचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर कधी जन्मला ते. यानं जुने आकडे घासून काढलेत आणि नवे उठवलेत. … कसं कळलं? बासष्ट लिहिलंय त्यानं. बासष्टावा आठवडा. … अगं, वर्षात आठवडे असतात बावन्न. हा कुठल्या वर्षातला टायर? नोहाच्या?

… फोटो काढून पाठवतो. … मीच खिळ्यानं कोरलं म्हणशील? … असं म्हणशील तू? सख्ख्या भावाला?

बरं, राहू दे. दुसरे बघितलेत मी, पलीकडच्या म्हातारीकडं. चार तोकुनबो. नव्याच्या निम्म्यात येतील. … अगं, आधी ऐकून तरी घे. एकेक वाकवून बघितलाय. नक्षी खोल आहे, नाणं घातलं तर निम्मं आत जातं. आतून हात फिरवला, ठिगळ नाही. कडेला टाचेसारख्या भेगा नाहीत. आणि जन्माचे आकडे कारखान्यानं टाकलेले तसेच, कुणी हात लावलेला नाही. बर्फातले मऊ टायर पण नाहीत, मी बाजूला काढले ते. आपल्या उन्हात ते लोण्यासारखे वितळतात. हे दोन-तीन वर्षं सहज चालतील.

… लाज? कसली लाज? साखरपुड्याला जाऊन टायर कोण बघतं? … लोक म्हणतील, वापरलेले लावले. … ताई, विलायतेत वापरून इकडं आलेल्या टायराला आपण काय म्हणतो? तोकुनबो. आणि विलायतेत जन्मून इकडं आलेल्या पोराला? … हां. तोकुनबो. मग जावई तोकुनबो चालतो आणि टायर चालत नाही?

… हॅलो? … काय म्हणालीस?

… 'लाडिपोभाऊ, तुम्ही नंतर फोन करता का?' … ताई, तू मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस? ताप आहे का? … आणि ते मागं चर्र चर्र काय वाजतंय? … पफपफ तळतेयस? भरदुपारी? पाहुणा आल्याशिवाय तू कढईत तेल ओतत नाहीस. कोण आलंय? … कुणी नाही? … बरं.

मग मला एक सांग. हा सुंकान्मी तुला सुचवला कुणी? … विहीणबाईंनी? … तरीच. त्यांनीही इथूनच घेतले? मागच्याच महिन्यात? … त्यांचा कोणी लागतो का हा? भाऊ? भाचा? … नाही, मी आपलं विचारतोय. तिकडं बोडिजात राहणारी बाई एवढा बाजार ओलांडून इथं येते, म्हणजे काहीतरी असणार. … सुचवलं म्हणून घ्यायलाच हवं, नाही तर त्यांना वाईट वाटेल? आणि सिमीला काही झालं तर कुणाला वाटेल?

… आणि विषय निघालाच आहे, तर त्या पोराचे आकडे तपासलेत का कुणी? … कुठल्या म्हणजे? जावयाचे. बत्तीस म्हणतात. माझ्या मते तिथंही पॉलिश आहे. केस बघितलेस त्याचे? एवढे काळे केस माझ्या बकऱ्याचे पण नाहीत. …

ताई, खोकलं कोण? … तू नाहीस खोकलीस. तुझा खोकला मला माहितीय. … तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय? … हात पिठात आहेत म्हणून… स्पीकरवर ठेवलाय? … पहिल्यापासून?

…

विहीणबाई? … नमस्कार, आई. … हो, मीच तो मामा. … हो, तुम्ही सगळं ऐकलंत असं दिसतंय. … नाही नाही, बकरा मी मायेनं म्हणालो. फार देखणा बकरा आहे माझा. … लोटांगण घालतोय, आई. खरंच. इथंच, धुळीत, टायरांच्या मध्ये पालथा पडलोय. आवाज येतोय? … उद्या लोटांगण तुमच्याकडच्या पोरांनी आमच्यापुढं घालायचं आहे, पण म्हटलं, आमच्याकडून एक आगाऊ. … उठू? … उठलो.

… नाही, आई, चेष्टा नव्हती. जावयाची होती, टायरांची नव्हती. … तुमचे नवे आहेत? … हो, याच दुकानातले, माहितीय. … आई, तुमची गाडी ताईच्या दारात उभी आहे ना? एवढं करा. बाहेर जा आणि टायराच्या कडेवरचे चार आकडे वाचा. … नसेल बासष्ट, तर मी याच्याकडून नवे घेतो आणि उद्या मांडवात सगळ्यांपुढं कान धरतो. … हो, थांबतो.

…

ताई, गेल्या का बाहेर? … मला शिव्या नंतर दे. आधी आच बारीक कर, करपल्याचा वास इथपर्यंत आला. … अगं, पण तू का नाही सांगितलंस? अहो-जाहो ही खूण होती? … मला वाटलं, ताप.

… उद्या त्याच गाडीत त्यांचा पोरगा बसणार? … म्हणजे नवरदेवच? … देवा.

… आल्या? … हं, आई. सावकाश. … सहा… दोन… … पुढचे वाचू नका, पुरे. चारही चाकांवर तेच आहे? … आई? … बसा जरा. ताई, पाणी दे त्यांना.

… नाही, तुमची काय चूक? बाहेरून तर काळा कुळकुळीत दिसतो. कोणीही फसेल. … हो, सुंकान्मी इथंच आहे. आता दात नाही दिसत. … देतो मी त्याला फोन, पण नंतर. आधी उद्याचं बघू.

… काय म्हणालात? … अजून चार? तुम्हालाही? … मिळतील, आई. का नाही मिळणार? म्हातारीकडं आठ निघतील, मी निवडतो. … हो, तोकुनबोच. … हो, तुमच्या तोंडून ऐकायला फार बरं वाटलं. … गाडी इकडं पाठवा, अंधार व्हायच्या आत बसवून देतो. दोन्ही गाड्या उद्या एकामागं एक निघतील. आणि सगळे पोहोचतील. … आमेन.

राग नाही ना? … हसताय? … म्हणजे नाही. माझ्यासाठी पफपफ ठेवा. ताई ठेवणार नाही.

आई, एवढं जमलंच आहे, तर जाता जाता विचारतो. मामा म्हणून. जावईबापूंचा जन्म नेमका कुठल्या सालचा?

… हॅलो?

… हॅलो? आई? … ताई?

… सुंकान्मी, बघितलंस? आकडे विचारले की सगळ्यांचीच रेंज जाते.