जड असेल ते दोघींनी

बसा काय बसा? तुम्ही बसा, तुम्ही ऐकायला आलात. मला उभ्यानंच सांगू दे, कारण बसले की कमरेतून जी कळ निघते ती थेट टाचेत जाऊन थांबते, आणि हे मी त्या कचेरीतल्या शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून थकले, तरी ज्याच्या खोलीत जावं तो आधी खुर्ची पुढे सरकवतो आणि म्हणतो, "बसा ना बाई." अहो, अकरा वर्षं त्या दुकानात उभी राहिले मी. स्टूल तर सोडाच, रिकाम्या खोक्याला जरा टेकले तरी मॅनेजर लांबून बोटं वाजवायचा, "मावशी, गिऱ्हाईक बघतंय." तेव्हा बसू दिलं नाही. आता बसता येत नाही, तर जो तो म्हणतो बसा.

झालं काय, सांगते. गोदामातून तेलाच्या डब्यांचं खोकं आणायचं होतं. मोठं दुकान, नियमही मोठे. गोदामाच्या भिंतीवर पाटीच लावलीय, जड असेल ते दोघींनी उचलायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ती पाटी मला पाठ आहे. आणि दुसरं टोक धरायला माझी जोडीदारीण. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो, अकरा वर्षं एका डब्यात जेवलो, तिच्या लेकीच्या बाळंतपणात चार रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर कोण होतं, तर मी. असो. आपण खोक्याचं बोलत होतो.

तर खोकं धरून आम्ही फळ्यांच्या मधल्या बोळात आलो आणि मॅनेजर पलीकडून ओरडला, "काउंटरला एक जण या, लगेच." ती म्हणाली, "आले, आले," आणि सोडलं. खाली ठेवू या, असं नाही, धर हं, असंही नाही. नुसतं सोडलं, आणि मी खोक्यासकट खाली. काडकन आवाज झाला, तुम्हाला सांगते, मला वाटलं डबा फुटला. डबा कसला... मणका.

आता माझा शहाणपणा ऐका. दुसरी कोणी असती तर तिथेच आडवी पडून बोंब ठोकली असती. मी उठले. का उठले? तर बोळभर डबे घरंगळलेले, आणि एक गिऱ्हाईक डोक्यावर येऊन विचारतंय, "साखर कुठे ठेवलीय हो?" मी त्याच्याकडे बघून हसले. हात करून साखर दाखवली. मग एकेक डबा उचलून फळीवर लावला, नावाची बाजू पुढे, सगळे एका रेषेत, कारण हात आपोआप चालतात हो, त्यांना कुठे कळतं की मालकीण मोडलीय. शेवटचा डबा लावला, गोदामापर्यंत चालत गेले, आणि तिथे पडले. गोदामात कॅमेरा नाही. बोळात आहे.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर डावा पाय कामातून जाईल. दुकान म्हणालं, घरी काहीतरी उचललं असेल तुम्ही. म्हणून हा नुकसानभरपाईचा अर्ज, म्हणून ही कचेरी. सात महिने चकरा मारल्या आणि सात महिने एकच, बसा ना बाई.

शेवटी सुनावणी लागली. दुकानाच्या विमावाल्याने लॅपटॉप उघडून बोळातली चित्रफीत लावली. गोड माणूस, आवाज अगदी साखरेत घोळलेला. "हे बघा साहेब, बाई हसताहेत."

"नियम आहे साहेब," मी म्हटलं, "गिऱ्हाईकाकडे बघून हसायचं."

"पण ज्याचा मणका मोडलाय तो माणूस डबे असे एका रेषेत लावेल का?"

"ज्यांचा धड आहे ते तरी कुठे लावतात? नव्या पोरींना विचारा."

साहेब हसले. मला वाटलं, जिंकले. पण लगेच चष्मा काढून म्हणाले, "बाई, दोघींनी उचलायचं असा नियम आहे, मग तुम्ही एकटीनं का उचललंत?"

एकटीनं कुठलं? मी सगळं अर्जात लिहून दिलं होतं. पण त्या कॅमेऱ्यात मी पूर्ण दिसते, खोकं अर्धं दिसतं, आणि त्या टोकाला दिसतो फक्त एक हात. मनगटावर घड्याळ, निळ्या पट्ट्याचं. आमच्या कामाला दहा वर्षं झाली तेव्हा मीच घेऊन दिलेलं. जोडीदारणीला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, "हा हात कोणाचा?"

तिने बाही खाली ओढली. "नाही सांगता येत साहेब. मी काउंटरला होते."

माझ्याकडे बघितलं नाही हो तिने. महिन्याभरापूर्वी तिला काउंटरची मुख्य केलीय. तिथे खुर्ची मिळते. तिचेही गुडघे गेलेत, मला माहीत आहे, मीच चोळून द्यायची दुपारी गोदामात... तिने खुर्ची घ्यायला नको होती असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

साक्ष मिळाली नाही म्हणून साहेबांनी अर्ज फेटाळला. म्हणाले, इथे सही करा. पेन पुढे करताना त्यांच्या हातून निसटलं, खाली पडलं. आणि मी... अकरा वर्षं पडलेलं उचललंय हो मी. वाकले.

विमावाला म्हणाला, "बघा, वाकता येतंय की."

येतं ना. वर येता येत नाही. तशीच अडकले, तोंड फरशीकडे, एक हात टेबलाच्या पायाला. सात महिने जो तो बसा बसा म्हणत होता, तेव्हा मात्र एकानेही खुर्ची पुढे सरकवली नाही. मग काखेखाली एक हात आला. बाही वर सरकलेली, निळा पट्टा.

झिडकारायला हवा होता. घरी लेक अजून तेच म्हणते. मी धरला. "या वेळी सोडू नकोस," एवढंच म्हणाले. नाही सोडलं तिने. जड असेल ते दोघींनी उचलायचं, पाटी तिलाही पाठ आहे. दारापर्यंत घेऊन आली, बाहेरच्या बाकड्यापाशी थांबली, पदरानं बाकडं पुसलं, डोळेही त्याच पदरानं पुसले, आणि म्हणाली, "बस जरा."

काय करणार... बसले.