यंत्रानं गिळलेलं बिरुद

— फाडलेला नाही, उघडलाय. खोका उघडणं आणि फाडणं यात फरक असतो, ओमेरा, माझ्या भावा, आणि उघडल्याशिवाय माइक बिघडलाय की नाही हे मला कळणार कसं होतं, वास घेऊन? बस तू. त्या पाण्याच्या कॅनवर बस, रिकामा आहे, पण मोडणार नाही. आणि मोठ्यानं बोललास तरी चालेल, तो समोर कपाटात बसलाय ना, त्याला काही ऐकू येत नाही. बहिरा नाही रे, हेडफोन घातलाय. माझा थोरला बाबा — बापाचा मोठा भाऊ, ओयूगा — आणि ते कपाट म्हणजे माझा स्टुडिओ. हसू नकोस. दारं काढली, आतून गादी ठोकली, वरून घोंगड्या सोडल्या, अख्ख्या न्यालेंडा वस्तीत याच्याइतकी शांत जागा दुसरी नाही. आधी थोरली आई त्यात सुक्या ओमेना मासळीचं पोतं ठेवायची, म्हणून वास येतोय. माइकला वास येत नाही, एवढं एक बरं आहे.

तर तू लिही — ‘बिघडलेला’ — आणि घेऊन जा. तुझ्या त्या कागदावर रकाना असेलच की. तपासून? कशाला तपासतोस? कंपनीनं एवढ्या उन्हात तुला मोटरसायकलवरून पाठवलं म्हणजे कंपनीचा माझ्यावर विश्वास बसला असा अर्थ होतो. नाही होत? असो. हा विश्वास मिळवायला मला काय काय करावं लागलं ते तुला माहीत नाही. तुमच्या ॲपमध्ये वस्तू परत करायची तर कारण निवडावं लागतं — रंग चुकीचा, माप चुकीचं, तुटकं निघालं, मन बदललं. संपलं. माणसाला याहून वेगळं दुःख असूच शकत नाही. मी विचार करत बसलो होतो तर हा मागून आला, म्हणाला, मी सांगतो तसं लिही. लिहिलं मी. ‘मी ओयूगा, कानोच्या चिखलात वाढलेला बैल, ज्याच्या आठ तारा ऐकून पाणघोडे काठावर येतात, त्या मला तुमच्या यंत्रानं फसवलं आहे.’ उत्तर आलं — प्रिय बैल, चुकीचं माप मिळाल्याबद्दल क्षमस्व. सोबत मापांचा तक्ता. चपलांचा.

मग मी फोन लावला. नैरोबीची पोरगी होती, गोड बोलत होती, कळत काही नव्हतं. तिला म्हटलं, ताई, आमच्याकडे न्यातितीवर, म्हणजे आठ तारांच्या वाद्यावर, गाणं चालू असतं, मध्येच कुणीतरी म्हणतं थांबव, वाजवणारा हात उचलतो, आणि मग तो माणूस आपण कोण ते सगळ्यांना सांगतो — कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, कशात त्याचा हात कुणी धरत नाही — पाक्रुओक म्हणतात याला — आपली आपण बिरुदं सांगायची, आणि मग गाणं पुढं. तर ते मधलं बोलणं माइक घेत नाही, बाकी सगळं घेतो. ती म्हणाली, गाणं मध्येच थांबत असेल तर इंटरनेट तपासून बघा, सर. आता तू हसलास. तुझ्या गळ्यातल्या कार्डावर ओबुरा लिहिलंय, बोलतोस सेमेकडच्या माणसासारखा, म्हणजे आपल्यातलाच, तुला हे सांगायला नको. तिला सांगावं लागलं.

हो, थोरल्या बाबाचंच म्हणणं आहे ते. की यंत्र त्याचा आवाज घेतं आणि दुसऱ्याचा गिळतं. शहरात बनलंय, म्हणतो, शहरात एका वेळी एकाच माणसाचं ऐकायची पद्धत आहे. या जुन्या लोकांकडे प्रत्येक गोष्टीला असं एक उत्तर तयार असतं, आणि उत्तर जितकं चूक तितकी मान जास्त हलते. तुझ्याकडे नाहीत असे? आमच्याकडे पोत्यानं आहेत. एक काका स्वतःला बिबट्याचा जावई म्हणवतो आणि कोंबडी कापायला शेजारणीला हाक मारतो. दुसरा ‘ज्याच्यापुढे सरोवर मागे सरतं’ — त्याला पोहता येत नाही. जन्मभर आपल्याच हातानं आपल्याला पदव्या देत बसली ही माणसं, आणि मला विचारतात, तू पदवी का घेतली नाहीस.

विचारतातच ना. वीज शिकत होतो मी, कॉलेजात. सगळी भावकी जमवून, तंबू ठोकून, भाषणं करून पाठवलं होतं मला. भाषणं इतकी झाली की शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगेपर्यंत लोक जेवायला उठले. आणि तिथं काय? सर वही उघडून वाचायचे, आम्ही उतरवायचं. मी जन्मायच्या आधीची वही. दिवे गेले की वर्ग सुटायचा. विजेचा वर्ग. दुसऱ्या वर्षी मी एकदा असा सुटलो तो परत गेलोच नाही. इथं आलो, कपाटाची दारं काढली. आता कोण काय म्हणतं ते म्हणू दे, पण मी जे टिपतो ते टिपतो. ऐक एकदा — नको, राहू दे, नंतर. पण तुला सांगतो, त्याच्या पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडी आहे बघ, ती तो वाजवताना लाकडावर आपटतो. तर ती आपटल्यावर लाकूड जरासं कण्हतं, हे मी लहानपणापासून त्याच्या मांडीशी बसून कधी ऐकलं नव्हतं. या माइकमध्ये ऐकलं. परत परत ऐकलं. थोरली आई जेवायला हाका मारत होती, उगाली थंड झाली, मी आपला कडी ऐकतोय. असला स्वच्छ आवाज या वस्तीत कुणी —

नाही, तसं नाही म्हणालो मी. स्वच्छ म्हणजे त्याच्यापुरता स्वच्छ. बाकी बिघडलेला.

बरं. बरं, ऐक. तू कंपनीचा माणूस आहेस पण चेहरा बरा आहे तुझा. माइकला काही झालेलं नाही. मागच्या गल्लीतलं तान्हं पोर खोकलं तरी तो घेतो. झालं असं, की हे गाणं माझ्या बापावरचं आहे. बाप माझा मासळीचा ट्रक चालवायचा आणि जिथं हा वाजवायला बसेल तिथं तो ट्रक लावून याच्या शेजारी बसायचा. आणि हात वर करायचा. थांबव. अख्खी बैठक गप्प. ‘मी इंजिनियरचा बाप.’ मी तेव्हा सहावीत होतो. भागाकार येत नव्हता मला. पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला हेच — मी इंजिनियरचा बाप, मी इंजिनियरचा बाप — लोक शीळ घालायचे, हा पुढं वाजवायचा. मी पहिल्या वर्षाला असताना तो गेला. पोटातलं काहीतरी. कुठल्या वैद्याकडे न्यायचं यावर काका लोकांची भाषणं संपली तेव्हा न्यायचं कारण उरलं नव्हतं.

तर आता याचं गाणं आहे, त्यात शेवटाकडे येतं — तू उठून गेलास, तुझ्या जागी कोण बसलंय, त्यानं बोलावं — आणि हा हात उचलतो. थांबतो. तुझ्या जागी म्हणजे कोण, कळलं ना. मी इथंच होतो, तू बसलायस तिथं. मी त्याच्या हेडफोनमध्ये नुसता ठोका सोडतो, टिक-टिक, दुसरं काही नाही, म्हणजे मला नंतर त्यावर ड्रम बसवता येतात. ठोका चालू, हा डोळे मिटून थांबलेला, आणि मी तोंड उघडलं. काय सांगू? मी अमक्याचा मुलगा. अमका कोण? इंजिनियरचा बाप. म्हणजे मी कोण? सांग ना तू. हे तुझ्या ॲपमधल्यापेक्षा वाईट आहे, तिथं निदान चार पर्याय असतात. मी तोंड मिटलं. त्यानं पुरेसा वेळ दिला, सभ्य माणसाला देतात तेवढा, आणि गाणं पुढं नेलं.

मग ऐकायला बसलो तर त्या जागी काहीच नाही. तो म्हणाला, ओम्बोक, इथं तू बोललास ना? म्हणालो, हो. म्हणाला, काय बोललास? म्हणालो, बरंच. म्हणाला, मग गेलं कुठं?

आणि मी माइककडे बघितलं.

एवढंच. खोटं मी नाही बोललो, नुसतं बघितलं. तक्रार त्यानं सांगितली, यंत्र शहरी आहे हेही त्यानंच ठरवलं. मी फक्त टाइप केलं. म्हणून म्हणतो, तपासू नकोस. याच्यासमोर माइक चालला तर कळेल त्याला. गावाला जे म्हणायचंय ते म्हणू दे, भावकी गेली उडत, पण हा एकटा मला अजून कधी काही म्हणालेला नाही. काही विचारलेलंही नाही. माझ्यासाठी कपाट रिकामं करून दिलं आणि पोतं स्वतःच्या खाटेखाली ठेवलं, त्या वासात झोपतो. तेव्हा हा माइक बिघडलेलाच बरा. दुसरा मागवीन. त्यातही बिघाड काढीन. चुकीचा रंग म्हणून सांगीन.

नियम. अरे, नियम मलाही — हं, झालं, बघितलं त्यानं तुला. हात हलवतोय. त्याला वाटतंय तू तपासणी अधिकारी आहेस. आता तो तुला दाखवल्याशिवाय सोडणार नाही, उभा राहू नकोस, अपमान समजेल. पूर्ण गाणं नको, बाबा, शेवटचं कडवं, शेवटचं — ऐकू येत नाही त्याला. थांब, मी खुणेनं सांगतो. हं. सुरू करतो मी. हळू श्वास घे.

...

ती कडी. ऐकलीस?

...

आता येईल ते. आता तू काहीही बोलू नकोस. मीही नाही बोलत. मग तूच बघशील, रिकामं येतं, आणि ‘बिघडलेला’ लिहिशील, आणि तुझंही काम झालं, माझंही —

...

तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?

नाही, तुला कुणी सांगितलं होतं? ‘सेमेचा ओबुरा, दोन चाकांवरचा वारा, ज्याला पत्ता नसलेलं घर सापडतं.’ वाईट नाहीये. तो मुद्दा नाहीये. राहवलं नाही म्हणजे काय? तारा थांबल्या म्हणून कुणीही तोंड उघडायचं? ती माझ्या बापाची जागा होती, दादा, ते काही तुझ्या सामानाचं गिऱ्हाईक नव्हतं.

टिपलेलं ऐकतोय तो आता. हेडफोन लावून. मान डोलावतोय, म्हणजे अजून कडी चालू आहे. अजून कडी. — थांबली मान. आलास तू. शब्द न् शब्द आलेला दिसतोय, हसला बघ जरासा, ‘वारा’ला हसला. परत लावतोय. परत तेच.

माझ्याकडे बघतोय.

शिव्या भरपूर आहेत त्याच्याकडे, चांगल्या जुन्या, कमरेखालच्या, एक तरी द्यावी. नाही देत. हेडफोन काढला. खुंटीला लावला, आणि कान पुसले. आता ठोकाही नको म्हणतोय, नुसता माइक चालू कर म्हणतोय. करतो, बाबा. करतो.

शेवटचंच कडवं घेतलंय.

ओबुरा, खोका राहू दे. तुझ्या कागदावर काय लिहायचं ते लिही, सापडलं नाही लिही घर. ऊठ. हळू, त्या कॅनचा आवाज करू नकोस, हात उचलतोय तो. आणि जाताना दार ओढून घे, रस्त्याचा आवाज आत येतो.