आंदैला कळू नये

हयग्रीव : लांब काठी कुठे ठेवलीस, आत्या?

गंगाबाई : शेजारच्या अलमेलूकडे देऊन टाकली. तुझ्या हाती लागू नये म्हणून.

हयग्रीव : मग दगडानं पाडतो घरटं. तुळ—

गंगाबाई : नाव घेऊ नकोस. खिडकीवरच्या भोकात आंदै बसलीय, ऐकतेय. नाव कानी पडलं की ती ते रोज घोकते, आणि त्या नावाचं माणूस हळूहळू संपतं.

हयग्रीव : घुबड आहे ते, आत्या.

गंगाबाई : घुबड म्हण, आंदै म्हण. शाळेत पोरांना शास्त्र शिकवतोस, मग तिचं घरटं पाडायला का निघालास?

हयग्रीव : भीती वाटते म्हणून. बायको नऊ दिवस तापानं फणफणतेय, त्यात सातवा महिना. घरटं पडलं की पीडा टळेल.

गंगाबाई : आत तीन पिलं आहेत. घरात पोटुशी बाई, आणि तू दुसरीची पोरं खाली आपटणार? दगड मारलास तर ती तो उचलून कावेरीत टाकील. पाण्यात दगड झिजेल तसा तू झिजशील. माझे आजे सांगत.

हयग्रीव : एवढं कुंभकोणम् पडलंय, तिला आपलंच घर सापडावं?

गंगाबाई : बावन्न सालच्या वादळात तिची कोपऱ्यावरची चिंच पडली. जाईल कुठे बिचारी.

हयग्रीव : आत्या, एक सांगायचंय. परवा तिन्हीसांजेला बायको न्हाणीपाशी घेरी येऊन पडली ना, तेव्हा मी हाका मारल्या. नावानं. तीनदा. वरून आंदैनंही तीनदा ओ दिली.

गंगाबाई : ऐकलं मी. चुलीपाशीच होते.

हयग्रीव : त्यानंतर ताप एकशे चारवर गेला. माझ्याच तोंडानं मी तिचं नाव देऊन बसलो. काही बरंवाईट झालं तर...

गंगाबाई : गप. डाक्टरांनी तंजावरहून नव्या गोळ्या मागवल्यात. दुपारच्या गाडीनं येतील.

हयग्रीव : तुझा गोळ्यांवर भरवसा आहे?

गंगाबाई : गोळ्यांवरही आहे.

हयग्रीव : म्हणजे आणखी काहीतरी केलंयस. काल दिवेलागणीला तू अंगणात मान वर करून पुटपुटत होतीस म्हणे. अलमेलूला वाटलं, म्हातारी भ्रमली. काय म्हणत होतीस?

गंगाबाई : काही नाही रे.

(वरच्या खोलीत तुळसी कण्हते. दोघंही थांबून ऐकतात.)

हयग्रीव : सांग आत्या.

गंगाबाई : माझं नाव. गंगाबाई, गंगाबाई, शंभरदा म्हटलं. पाखराची जात, एका वेळी एकच नाव राहतं म्हणे डोक्यात. तिचं तीनदाच गेलं होतं.

हयग्रीव : आंदैनं ओ दिली?

गंगाबाई : दिली.

हयग्रीव : आणि तू भ्याली नाहीस?

गंगाबाई : भ्याले की. भिंत धरून उभी होते.