जिंकलेलं गाणं

व्हर्ना : नाही म्हटलं ना एस्मंड, म्हणजे नाही. अख्ख्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तुझ्या बँडला दुसरा कुणी गाणं बसवणारा मिळत नाही?

एस्मंड : मिळतात की मिस व्हर्ना, हवे तेवढे. पण ते पोरांना नुसते सूर सांगतात. तुमचा भाऊ लोखंडी पिंपांना रडवायचा. त्याच्या हाताखाली त्या पिंपांचे पॅन वाजवलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली रमत नाही.

थिओ : मी इथंच बसलोय. मला ऐकू येतंय.

एस्मंड : मग तूच बोल ना! कार्निव्हल तोंडावर आलाय. तू बँड सोडल्यापासून स्पर्धेच्या अंतिम फेरीचं मैदान बघितलेलं नाही आम्ही. पोरं बँडच्या आवारात येतात, पॅन पुसत बसतात आणि विचारतात, थिओ कधी येणार?

व्हर्ना : सांग त्यांना, थिओ बरा आहे. बरा आहे म्हणूनच घरी आहे.

एस्मंड : निदान सॉरेलचं सरबत तरी द्या. टेकडी चढून आलोय.

व्हर्ना : सरबत मिळेल. थिओ मिळायचा नाही.

एस्मंड : बघ थिओ, तुझी बहीण पहिल्यापासून अशीच. बरं, आजारपणानंतर नवं काही बसवलंस का?

थिओ : एक आहे. छोटंसं. ऐकतोस?

(थिओ पडवीतला पॅन पुढे ओढतो आणि वाजवतो.)

एस्मंड : छान आहे.

थिओ : खोटं बोलू नकोस.

एस्मंड : छान आहे रे. रविवारी चर्चमधून घरी जाताना ऐकावं असं. पण याच्यावर लोक खुर्च्या सोडून उठायचे नाहीत. आपण जिंकलो त्या वर्षी तू सुरुवात केलीस मात्र, आणि अख्खं मैदान उभं राहिलं होतं.

व्हर्ना : पुढचंही सांग.

एस्मंड : राहू द्या ना, मिस व्हर्ना.

व्हर्ना : का? जिंकलेलं तेवढं आठवायचं? हा बक्षीस घेऊन घरी आला नाही. आवारात गेला आणि एकेक पॅन उताराच्या रस्त्यावरून खाली सोडून दिला. खालून बायका-लेकरं वर येत होती. कुणाला लागलं नाही ही देवाची दया. पोलीस धरून नेत होते आणि हा मला ओरडून सांगत होता, "व्हर्ना, कान दे, ते समुद्रापर्यंत वाजत जाणार आहेत!"

थिओ : मला यातलं काहीच आठवत नाही.

एस्मंड : आम्हाला तरी काय माहीत, हा आजार आहे ते? झोपत नव्हता, जेवत नव्हता, बोलायला लागला की थांबत नव्हता. आम्ही म्हणायचो, अंगात आलंय. मोठे कलावंत असेच असतात. मी स्वतः त्याला कॉफी नेऊन द्यायचो.

व्हर्ना : मीही शेजाऱ्यांना तेच सांगायचे, वर मान करून. आमच्या आईचंही असंच व्हायचं. रात्र रात्र शिवत बसायची आणि मग महिना महिना उठायची नाही. तिला गाणं येत नव्हतं, म्हणून लोकांनी तिला वेडी म्हटलं. याला येत होतं, म्हणून याला थोर म्हटलं. दोघांनाही डॉक्टरकडे कुणी नेलं नाही.

एस्मंड : मी काय गोळ्या कायमच्या सोड म्हणतोय? कार्निव्हल होईपर्यंत जराशा कमी... आणि तो सुधारलाय हो! गेल्या खेपेला याला कप धरवत नव्हता. आत्ता वाजवताना हात थरथरला का बघा.

व्हर्ना : थिओ, हात पुढे कर.

थिओ : व्हर्ना...

व्हर्ना : पुढे कर म्हणते ना. गोळी घेतली की हात थरथरतो तुझा. का थरथरत नाही हा?

थिओ : एस्मंडचा फोन आला, त्या दिवसापासून घेतल्या नाहीत.

व्हर्ना : अरे, मी रोज तुझ्या हातावर ठेवतेय!

थिओ : जिभेखाली ठेवायचो. तू वळलीस की थुंकायचो.

एस्मंड : देवाशपथ मिस व्हर्ना, मी फोनवर फक्त येऊन जातो म्हटलं होतं.

थिओ : त्यानं काही सांगितलं नाही. मलाच बघायचं होतं, आत अजून काही शिल्लक आहे का.

एस्मंड : मग? आहे?

थिओ : काल पहाटे कानात आलं. सगळा बँड एकदम. खालच्या गल्लीत कोंबडा आरवला, तोसुद्धा सुरात. इतकं बरं वाटलं की मला भीती वाटली. मग हात मांड्यांखाली दाबून पडून राहिलो.

एस्मंड : मिस व्हर्ना, गोळी आणा. माझ्यासमोर द्या त्याला.

थिओ : आणि गाणं?

एस्मंड : बसवेल कुणीतरी. नाही तर हरू. तुला सांगितलं नाही कधी... ते पॅन गडगडत आले, तेव्हा मी त्याच रस्त्यावर होतो. माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन. नंतर जिंकल्याच्या आनंदात मीसुद्धा ते विसरून गेलो बघ.

व्हर्ना : जेवून जा आता. पेलाव भात केलाय.

एस्मंड : नको, आज घशाखाली उतरायचा नाही. येतो थिओ.

थिओ : पोरांना सांग... नको. काही सांगू नकोस.

व्हर्ना : गेला बिचारा. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. घे, पाणी पी. जीभ वर कर. हं. उद्या डॉक्टरकडे जायचं आणि सगळं खरं सांगायचं.

थिओ : सांगेन. हात पुन्हा थरथरायला लागतील.

व्हर्ना : लागू देत. कप मी धरेन.

थिओ : व्हर्ना, कसं होतं गं ते गाणं? रस्त्यात लोक थांबवून सांगतात. मला तर आपण वाजवलेलं आठवत नाही.

व्हर्ना : रेकॉर्ड आहे की घरात.

थिओ : ती लावली की मला गाणं ऐकूच येत नाही. त्या न झोपलेल्या रात्री तेवढ्या ऐकू येतात. तू होतीस ना मैदानात, अगदी पुढं? तू सांग.

व्हर्ना : होते रे. पण मी तुझ्या डोळ्यांकडे बघत होते. काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं आणि नाही नाही म्हणून मनाला समजावत होते. लोक टाळ्या पिटायला लागले, तेव्हा कळलं की गाणं संपलं.

थिओ : म्हणजे तूही नाही ऐकलंस.

व्हर्ना : नाही रे बाळा. मीही नाही.