दोन पायली ज्वारी

माझं माहेर केडगावचं, आन् दिलं कारेगावला. तिथं कंपन्या आल्या, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उठल्या, आन् मालकांचं कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं तवा ते म्हणाले, दुसऱ्याच्या भोंग्यावर लई पळालो, आता घरची गिरणी टाकू.

आता गिरणीच्या दगडाला टाकी लावतात, म्हंजी छिन्नीनं टोचून खरबरीत करतात. मग आधी दोन पायली हलकी ज्वारी दळून फेकून द्यायची, तिच्यासंगं दगडाची कच निघून जाते. टाकी लावून झाली आन् मालक जादाचा पट्टा आणायला शिरूरला निघाले, जाताना बजावलं, ज्वारी काढ, मगच गिऱ्हाइकाचं घे. मी काय केलं, काय सांगू तुम्हाला, शेरभर काढली आन् थांबले. घरात दाणा सांडला तरी सासू ओरडायची, तिथं दोन पायली मातीत घालायच्या? हात झाला न्हाई.

तेवढ्यात शेजारच्या अनसूयाकाकू गव्हाचा डबा घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी लेकीचा साखरपुडा. म्हणाल्या, जुनी गिरणी हाय गं गावात, पण तुझी बोहनी माझ्या हातनं. दिलं दळून.

पंगतीत पाव्हणे चपाती चावायचे आन् थांबायचे. व्याही म्हणाले, पोरगी देताय का खडी चारताय? सगळे हसले, काकू न्हाई हसल्या. उरलेलं पीठ आणून आमच्या दारात ओतलं, म्हणाल्या, कच काढली न्हवती व्हय रं? मालकांनी माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, काढली म्हणून मीच हिला सांगून गेलो होतो काकू, चूक माझी.

मी तिथंच उभी. बोलायला पायजे होतं. न्हाई बोलले.

पुढं सहा महिने गावातली एक बाई फिरकली न्हाई. मालकांना लोक खडीमशीन म्हणायचे. खोल्यांतले बिहारी कामगार यायचे, भाभी, बारीक पीसना, त्यांच्यावर चूल चालली. मालक परत कामासाठी कंपनीच्या गेटवर उभे राहायला लागले, गिरणी माझ्याकडं आली. एकदा म्हणलं, काकूंना खरं सांगून येते. तर म्हणाले, एकाचं नाव गेलं ते बास झालं, दोघांचं कशाला घालवती?

काकू वारल्या. आता गावातल्या बाया येतात, रांग लागती. देवाच्या दयेनं बरं चाललंय, तुमचंबी चालो. मालक ड्यूटीवरनं येतात, पोती उतरवतात, आन् बाया त्यांच्यादेखत म्हणतात, बाईच्या हातात गेली तवा सुधारली गिरणी. ते खाली बघून पोतं उचलतात. मी दळत राहते.